उजेड वायरीत असतो

नारायणगाव-ओतूर भागातला भाजीपाला मुंबईकडे निघतो तो रात्री. वाशीचा बाजार पहाटेचा, म्हणून पिकअपवाल्याला माळशेज घाट ऐन अंधारात उतरावा लागतो. पावसाळ्यात तर धुकं, कड्यावरून रस्त्यावर पडणारं पाणी आणि समोरून चढत येणारे ट्रक. दहा-पंधरा वर्षं झालेल्या पिकअपचे दिवे या रस्त्याला पुरत नाहीत. मग मालक आळेफाट्याला एखाद्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानापुढे गाडी लावतो आणि म्हणतो, "शंभरचे बल्ब टाका."

जाणता वायरमन बल्बच्या खोक्याला हात लावत नाही. तो इंजिन चालू ठेवायला सांगतो, डिपर लावतो आणि मल्टिमीटरची टोकं आधी बॅटरीवर, मग हेडलाइटच्या होल्डरवर टेकवतो. बॅटरीवर १३.८ व्होल्ट असतात आणि होल्डरवर जेमतेम १२. मधले जवळपास दोन व्होल्ट वाटेत कुठेतरी मुरलेले असतात. दोन व्होल्ट म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने कमी होतो. व्होल्टेज १३ टक्के घसरलं की उजेड अदमासे ३८ टक्क्यांनी घसरतो. म्हणजे गाडीत नीट बल्ब बसवलेला असतो, पण त्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उजेड रस्त्यावर पोचतच नाही.

तो जातो कुठे? बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीतून निघून फ्यूजमार्गे स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचपर्यंत येतो आणि तिथून परत पुढे बंपरकडे जातो. लांबच लांब बारीक वायर, मध्ये चार-पाच जोड, काळवंडलेले स्विचचे पॉइंट. आणि शेवटी अर्थ. ती वायर शो-पत्र्याला एका गंजलेल्या स्क्रूने कशीबशी धरून ठेवलेली. दिवे मंद असण्याचं निम्मं कारण अर्थमध्ये सापडतं, आणि नेमकं तिथेच कोणी पाहत नाही, कारण अर्थ दुरुस्त केल्याचे पैसे मागायला दुकानदारालाही अवघड जातं. नवा बल्ब कसा, दाखवता येतो.

अशा गाडीत शंभरचे बल्ब टाकले तर काय होतं, ते जळालेल्या होल्डरांच्या ढिगाकडे पाहिलं की कळतं. कंपनीचा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे अप्परला ६० आणि डिपरला ५५. दोन्ही अप्पर मिळून दहा अँपिअर ओढतात. १००/९० चे लावले की तोच आकडा सतराच्या आसपास जातो आणि वायरीत तयार होणारी उष्णता जवळपास पावणेतीन पट होते. उजेड थोडा वाढतो, थोड्याच दिवसांत होल्डरचं प्लास्टिक तपकिरी पडतं, मग एका रात्री घाटात एक बाजू विझते.

यावरचा उपाय स्वस्त आणि जुना आहे: रिले. दोन रिले, एक अप्परला, एक डिपरला. प्रत्येकाला चार पिना, त्यांचे नंबर ३०, ८७, ८५ आणि ८६. बॅटरीवरून जाड वायर फ्यूजमधून ३० ला येते, ८७ मधून थेट बल्बकडे जाते. स्विचकडून येणारी जुनी वायर आता ८६ वर. तिचं काम फक्त रिलेला इशारा देणं, आणि त्याला एक चतुर्थांश अँपिअरसुद्धा लागत नाही. ८५ ला अर्थ. वायर अडीच एमएमची, थिंबल दाबून बसवलेली, आणि बल्बची अर्थ वायर पत्र्यावर न सोडता बॅटरीच्या मायनसपर्यंत नेलेली. काम संपल्यावर होल्डरवर पुन्हा मल्टिमीटर लावला की साडेतेराच्या वर आकडा दिसतो. बल्ब तोच, ५५ वॅटचा. मालकाला वाटतं, नवीन टाकला.

आता एलईडीबद्दल. बाजारात एच-४ च्या जागी बसणारे एलईडी बल्ब ढिगाने मिळतात, खोक्यावर ल्यूमेनचे आकडे अवाच्या सवा असतात, आणि माझं मत त्यांच्याबद्दल फारसं बरं नाही. एच-४ मध्ये दोन फिलामेंट असतात. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. त्यामुळे त्याचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर उतरतो. भिंतीवर जी स्वच्छ आडवी रेघ दिसते ती या वाटीची करामत. फिलामेंटची जागा एक-दोन मिलिमीटरने हलली तरी रेघ विस्कटते. एलईडीची चिप चपटी, उजेड दोन बाजूंना फेकणारी. ती फिलामेंटच्या जागी हुबेहूब बसणं अवघडच. नाकासमोरचा रस्ता पांढराफेक होतो, लांबचा होत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यांत मात्र झगमगाट. एलईडीच हवा असेल तर त्यासाठीच घडवलेला पूर्ण दिवा घ्यावा. जुन्या जीपच्या घराण्यातल्या, सात इंची गोल दिव्यांच्या गाड्यांना हे सोपं जातं, अख्खा दिवाच बदलता येतो. तो घेतानाही डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचा आहे ना, हे पाहावं. आपल्याकडे डिपरची रेघ डावीकडे, रस्त्याच्या कडेला वर चढते. परदेशी उजव्या वाहतुकीचा दिवा लावला तर ती नेमकी समोरून येणाऱ्याच्या काचेवर चढेल.

सगळ्यात दुर्लक्षित काम फोकस सेट करण्याचं. सपाट जागा, दहा मीटरवर भिंत, भिंतीवर बल्बच्या उंचीची खडूची खूण, आणि डिपरची रेघ त्या खुणेच्या दहा सेंटिमीटर खाली. कारसाठी एवढं पुरतं. पिकअपचं गणित निराळं. तीन मीटर व्हीलबेसच्या गाडीत हौद्यात टोमॅटोचे कॅरेट चढले आणि मागचे पाटे पाच सेंटिमीटर दबले, की गाडीचं नाक जवळपास एक अंशाने वर होतं. एक अंश म्हणजे दहा मीटरवर सतरा सेंटिमीटर. खाली बांधलेली रेघ उलट सात सेंटिमीटर वर जाते, आणि घाट चढणाऱ्याला वाटतं हा अप्पर मारतोय. म्हणून रिकाम्या गाडीचा फोकस बांधणं निरुपयोगी. रोजचा माल भरून आणा, असं सांगणारा वायरमन मिळाला तर त्याला सोडू नये. रिकामी परतताना उजेड जरा जवळ पडेल, तेवढं चालतं.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियमही हेच सांगतो: दिव्यापासून आठ मीटरवर उभ्या असलेल्या, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. पूर्वी यासाठीच हेडलाइटच्या काचेच्या वरच्या भागाला काळा रंग फासत. वाटीवाल्या एच-४ ला त्याची गरज नव्हती, पण सवय बरीच वर्षं टिकली. गाडीत मूळ रचनेबाहेरचे फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, त्यामुळे रिले आणि जाड वायर हा मार्ग पासिंगलाही त्रासाचा नाही. बल्ब आणि दिवा दोन्ही कंपनीचेच राहतात.

दिवे मनासारखे झाले की मालकाला हमखास हॉर्न आठवतो. रिले बसवलेच आहेत, वायरिंगही नवीन आहे, तर एखादा गाण्याचा हॉर्न जोडून द्या की! वायरमन त्याला सांगतो की तो नियम ११९ मध्ये बसत नाही, आणि पुढच्या गाडीचं बोनेट उघडतो.