सापाचं जेवण : उंदीर कसा निवडतात?

नागपंचमीला सापाला दूध पाजणाऱ्या देशातून मी एमएससाठी अमेरिकेत आलो, आणि रूममेटने पाळलेला निघाला चक्क बॉल पायथन! म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला छोटा अजगर. आमच्या फ्रीजरमध्ये आइस्क्रीमच्या शेजारी पिशवीत गोठवलेले उंदीर असायचे. पहिले दोन दिवस जेवण गेलं नाही, हे कबूल. पण नंतर कळलं, की या प्रकारात बराच हिशोब आहे.

साप दूध पचवू शकत नाही, हे बहुतेकांना आता माहीत असतं. पण चिकनचे तुकडेही त्याला पुरत नाहीत. त्याला अख्खं जनावर लागतं, कारण कॅल्शियम हाडांतून मिळतं आणि जीवनसत्त्वं यकृतातून.

आता साइझ. तिथे उंदीर वयाप्रमाणे विकतात. केस न आलेलं गुलाबी पिल्लू म्हणजे 'पिंकी', लव आलेलं 'फझी', डोळे उघडून उड्या मारणारं 'हॉपर'. शिवाय माऊस वेगळा, रॅट वेगळा. मराठीत दोघेही उंदीरच! पण पूर्ण वाढलेला माऊस २० ते ३० ग्रॅमचा, आणि रॅट सहज ३०० ग्रॅमचा. साधा नियम असा, की उंदीर सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतकाच जाड असावा. वजनाने बघायचं तर वाढत्या सापाला स्वतःच्या वजनाच्या साधारण १० टक्के. म्हणजे ५०० ग्रॅमच्या सापाला ५० ग्रॅमचा लहान रॅट. मोठ्या सापाला एवढंही लागत नाही. दीड किलोच्या मादीला ७०-८० ग्रॅमचा रॅट दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरतो. (आपल्या मेसवाल्याला असे मेंबर मिळाले तर!) फार मोठा उंदीर दिला तर साप तो उलटून टाकतो, आणि ते त्याला चांगलंच बाधतं. उलट कौतुकाने वरचेवर खाऊ घातलं, तर साप लठ्ठ होतो.

कॉर्न स्नेकचं नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू मात्र जेमतेम ६-८ ग्रॅमचं. त्याला माऊसची पिंकीच हवी.

खरा वाद जिवंत की मेलेला, हा आहे. माझं मत सरळ आहे : मेलेलाच. टाकीत कोंडलेला रॅट जीव वाचवायला चावतो. सापाला भूक नसेल आणि रॅट रात्रभर आत राहिला, तर तो सापाची पाठ कुरतडतो, डोळासुद्धा जाऊ शकतो. उंदराचे हाल होतात ते वेगळेच. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून बर्फ उतरवायचा, मग पिशवीसकट गरम पाण्यात धरायचा. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही, तो आतून शिजतो आणि फुटतोसुद्धा. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, त्यामुळे थंड उंदराकडे तो बहुधा ढुंकून बघत नाही. चिमट्यात धरून थोडा हलवला की झडप!

एक धोका आपल्यासाठी. गोठवल्याने साल्मोनेला जंतू मरत नाहीत. २००९-१० मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अशा गोठवलेल्या उंदरांमुळे माणसं आजारी पडली होती. म्हणून भांडी वेगळी, आणि नंतर साबणाने हात धुणं मस्ट.

"मग होस्टेलच्या किचनमागचे उंदीर काय वाईट?" असं कुणीतरी विचारणारच. ते परजीवी घेऊन फिरतात, कुणी टाकलेलं विष खाल्लेलं असू शकतं, आणि ते विष मग सापाच्या पोटात जातं. पकडणाऱ्याला लेप्टोची भीती आहेच. आणि मुळात आपल्याकडे नाग, धामण, अजगर पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा रूममध्ये प्रयोग नकोत. बॉल पायथनसारखा परदेशी साप असेल तर २०२४ च्या नियमांनुसार त्याचीही नोंदणी करावी लागते.

जेवण झाल्यावर सापाला दोन दिवस हात लावत नाहीत. आणि बॉल पायथन कधी कधी महिनोन्महिने उपास करतो. अशा वेळी आधी टाकीचं तापमान तपासायचं, मग दर आठवड्याला साप वजनकाट्यावर ठेवायचा. वजन टिकून असेल तर नुसती वाट बघायची, उतरायला लागलं तर डॉक्टर गाठायचा.