मोजदाद आणि कुलूप

संगणकावर फाइल उघडायची म्हणजे तिच्या पत्त्यावरून पायरीपायरीने जावे लागते: आधी मूळ फोल्डर, मग त्यातले, मग त्याच्या आतले. दर वेळी हे डिस्कवर शोधणे परवडत नाही. म्हणून लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सापडलेल्या नावांच्या नोंदी स्मृतीत जपून ठेवतो. अशा नोंदीला डेंट्री म्हणतात. कर्नलचा कोड सर्वांना खुला आहे. तो वाचताना मला सर्वांत गुंतवून ठेवणारा प्रश्न हा वाटला: जपलेली नोंद टाकून कधी द्यायची?

उत्तर वरवर सोपे आहे. प्रत्येक नोंदीवर एक आकडा असतो. वापरणारा तो एकाने वाढवतो आणि काम झाले की एकाने कमी करतो. शून्यावर आलेली नोंद काढता येते. वाढवायचे राहिले, तर कोणी वाचत असतानाच ती जागा दुसऱ्याला दिली जाते. संगणक कोसळतो किंवा घुसखोराचे फावते. कमी करायचे राहिले, तर जागा कायमची अडकते.

पण मोजदादीलाही किंमत असते. वाचनालयातल्या शब्दकोशात डोकावण्याआधी आणि नंतर प्रत्येकाने वहीत सही करायची ठरवली, तर रांग शब्दकोशापाशी नव्हे, वहीपाशी लागेल. मूळ फोल्डर सर्वांच्याच वाटेवर असते, आणि त्याचा आकडा एका वेळी एकाच प्रोसेसरला बदलता येतो.

२०११ साली २.६.३८ या आवृत्तीत निक पिगिन यांची नवी रीत आली: वाटेतल्या नोंदी मोजायच्याच नाहीत. नुसते वाचत जायचे आणि मध्ये काही बदलले का, हे नोंदीवरच्या अनुक्रमांकावरून ताडून पाहायचे. वाचणारे पुढे सरकेपर्यंत काढलेल्या नोंदीची जागा कोणालाही मिळत नाही.

शेवटची नोंद मात्र मोजावीच लागते. २०१३ साली ३.१२ आवृत्तीत वायमन लाँग आणि लिनस टोरवाल्ड्स यांच्या कामातून कुलूप आणि आकडा ६४ बिटांच्या एकाच घरात आले. त्यामुळे कुलूप उघडे असल्याची खात्री आणि आकड्याची वाढ एकाच अखंड क्रियेत होते. कुलूप लावावेच लागत नाही.

दोन्ही बदलांत एक सूत्र दिसते. अनुक्रमांक जुळला नाही किंवा कुलूप लागलेले दिसले, की जवळची वाट सोडून जुन्या, सावकाश वाटेने जायचे. वेग वाढवणाऱ्यांनी ती वाट बुजवली नाही, म्हणूनच आकडा खरा राहिला.