राखाडी छटांतले पक्षी

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या दरम्यान वसलेल्या तमिळनाडूतील कुंभकोणमच्या परिसरात भातखाचरे, कालवे आणि मंदिरांची तळी यांची रेलचेल असल्यामुळे बगळे, वंचक, पाणकावळे आणि खंड्या हे पक्षी तेथे वस्तीजवळही दिसतात. पक्ष्याचे डोके, डोळा, चोच आणि पिसांची ठेवण यांवर भर देणारे जवळचे छायाचित्र म्हणजे त्याचे व्यक्तिचित्र. ते कृष्णधवल करण्याच्या प्रयोगासाठी हा परिसर अनुकूल आहे.

रंग काढून टाकला की चित्र आपोआप कृष्णधवल होते, हा समज अपुरा आहे, कारण कोणता रंग किती गडद किंवा फिकट राखाडी दिसावा, हे छायाचित्रकाराला ठरवावे लागते. खंड्याची पाठ निळी, डोके तपकिरी, छाती पांढरी आणि चोच लाल असते. लाल फिल्टर वापरल्यास पाठ गडद होते व चोच उजळते, तर निळ्या फिल्टरने नेमके उलट घडते. डिजिटल छायाचित्रात हाच परिणाम संगणकावर प्रत्येक रंगाची उजळता स्वतंत्रपणे बदलून साधता येतो. हिरवा पोपट मात्र पानांच्या राखाडी छटेत मिसळून जातो, म्हणून त्याच्यामागे दगडी भिंत किंवा मोकळे आकाश असणे इष्ट ठरते.

बगळ्याच्या पांढऱ्या पिसांवर भर दुपारचे ऊन पडले की त्यांतील बारकावे नाहीसे होतात. अशा वेळी प्रकाशमात्रा कमी ठेवून हिस्टोग्राम, म्हणजे गडद ते उजळ छटांचे प्रमाण दाखवणारा आलेख, तपासावा लागतो. पाणकावळ्याच्या काळ्या पिसांची वीण उमटण्यासाठी सकाळचा तिरपा प्रकाश उपयोगी पडतो. दोन्ही पक्ष्यांत डोळा सुस्पष्ट असणे अत्यावश्यक असते, कारण पाहणाऱ्याची नजर प्रथम तेथेच जाते.

तमिळनाडूतीलच निसर्गलेखक एम. कृष्णन (1912–1996) यांनी वन्यजीवांचे छायाचित्रण प्रामुख्याने कृष्णधवलच केले आणि 1970 मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. प्रजाती ओळखण्यासाठी रंगीत प्रत जपणे आवश्यकच आहे. परंतु कृष्णधवल चित्रासाठी छायाचित्रकाराला पक्ष्याचा आकार, पिसांचा पोत आणि त्यावरील प्रकाश अधिक बारकाईने न्याहाळावा लागतो, आणि निरीक्षणाची ही शिस्त अंगी बाणवण्यासाठी दुर्मीळ पक्ष्याच्या शोधात दूर जाण्यापेक्षा खाचराच्या बांधावरचा बगळा अधिक उपयोगी ठरतो.