घशातील खडे

सकाळी दात घासताना एखाद्या मुलाला खोकला येतो आणि त्याच्या तोंडातून तांदळाच्या कणीएवढा पिवळसर खडा बाहेर पडतो. बोटांनी चुरडताच त्याला अशी काही घाण येते, की तो मुलगा दचकतो. दात तुटला की काय, पोटात काही सडले की काय, अशा नाना शंका त्याच्या मनात येतात. लाजेस्तव तो कोणापाशी बोलत नाही. वर्गात उत्तर देतानाही तोंडावर हात धरू लागतो. वास्तविक यात लाजण्यासारखे काहीच नाही.

आरशापुढे उभे राहून आ केला, म्हणजे मध्यभागी लोंबणारी पडजीभ दिसते. तिच्या दोन्ही अंगांस बदामाच्या आकाराची एकेक गाठ असते. या गाठींना टॉन्सिल म्हणतात. नाकातोंडावाटे शिरणारे रोगजंतू ओळखून शरीराला सावध करणे, हे त्यांचे काम होय. जंतूंशी अधिकाधिक संबंध यावा म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर पुष्कळ अरुंद व खोल विवरे असतात. परंतु या विवरांतच अन्नाचे कण, मृत पेशी व सूक्ष्मजंतू अडकून राहतात. त्यांवर कॅल्शियमचे क्षार बसत गेले, की खडा बनतो. विवराच्या तळाशी हवा पोहोचत नाही. तेथे वाढणारे जंतू गंधकयुक्त वायू निर्माण करतात. नासक्या अंड्याची दुर्गंधी असते, त्याच जातीची ही दुर्गंधी.

खडा मोठा असल्यास घशात काही अडकल्यासारखे वाटते आणि, आश्चर्य असे की, कधी कधी कान दुखतो! टॉन्सिल आणि मधला कान या दोहोंच्या संवेदना मेंदूकडे नेणारा मज्जातंतू एकच आहे. त्यामुळे दुखणे नेमके कोठले, हे मेंदूला उमगत नाही.

बहुतेक खडे आपोआप निघून जातात. जेवणानंतर खळखळून चुळा भराव्यात व निजण्यापूर्वी दात आणि जीभ स्वच्छ करावी. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. मात्र पाणी नुसते गालांत फिरवून उपयोग नाही; मान मागे करून ते घशाशी खेळवावे लागते.

खडा दिसला, की टाचणीने किंवा काडीने तो उकरण्याचा मोह होतो. तो आवरलाच पाहिजे. टॉन्सिलला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. जरा टोचले तरी रक्त वाहू लागते, आणि खडा मात्र अधिकच आत जातो. खडे वारंवार होत असतील, गिळताना दुखत असेल, ताप येत असेल किंवा एक गाठ दुसरीहून मोठी दिसत असेल, तर घरच्या वडील माणसांस सांगून डॉक्टरांकडे जावे.

टॉन्सिल काढून टाकण्याची शस्त्रक्रिया फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने ते बोटाने सुटे करून काढण्याची रीत लिहून ठेवली आहे. त्या काळच्या रोग्यांचे काय हाल होत असतील, याची कल्पनाच केलेली बरी. आज ही शस्त्रक्रिया भूल देऊन करतात. परंतु केवळ खड्यांसाठी ती क्वचितच करावी लागते.