पेण-रोह्याची वाघीण, सत्त्याऐंशी पटीने लहान

दिवा-रोहा मेमूची वाट बघत पेणच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला मधल्या रुळावरून जाणारी मालगाडी म्हणजे खोळंबा वाटतो. ती संपता संपत नाही. पण त्यातली एखादी वाघीण, म्हणजे मालडबा, घरी टेबलावर हुबेहूब करायचं एकदा मनात घेतलं, की तीच मालगाडी फार भरभर निघून जाते. बाजूच्या पत्र्यावर उभ्या पट्ट्या किती होत्या, हातब्रेकचं चाक कोणत्या टोकाशी होतं, दाराची कडी कुठे होती, हे बघायचं राहूनच जातं. मग पुढच्या मालगाडीची वाट बघणं आलं.

या छंदासाठी पेण ते रोहा या पट्ट्याइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात थोडीच असेल, असं माझं ठाम मत आहे. पनवेलहून निघालेला मार्ग १९६६ साली आपट्यापर्यंत आला आणि १९८६ साली रोह्याला पोहोचला. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. पेणहून एक फाटा थळच्या आरसीएफ खत कारखान्याकडे वळतो. तो फक्त मालगाड्यांचा आहे. खताच्या गोण्यांसाठी तिथे बंद वाघिणी जातात. डोलवीला पोलाद आहे, नागोठण्याला पेट्रोरसायनं. आणि रोह्याच्या पुढचं पहिलंच स्थानक कोलाड. २६ जानेवारी १९९९ पासून तिथून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची रो-रो सेवा चालते. चालक आपापल्या ट्रकमध्येच बसून प्रवास करतात. २०२५ च्या गणेशोत्सवात याच मार्गावर खासगी मोटारींसाठीही अशी गाडी सोडली गेली. उघडी, बंद, टाकीची, सपाट, अशा वाघिणींच्या निरनिराळ्या जाती इतक्या थोड्या अंतरात बघायला मिळणं ही मोठीच सोय आहे.

अडचण आहे ती सुट्या भागांच्या तयार संचांची. जर्मनीची मार्कलिन, इंग्लंडची हॉर्नबी, बाकमन या नामांकित कंपन्या मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या गाड्यांच्या प्रतिकृती काढतात. आपली उघडी बॉक्सएन किंवा बंद बीसीएन वाघीण दुकानात सहजासहजी मिळत नाही, म्हणून ती घरी करावी लागते. हा छंद आपल्याकडे नवा मात्र नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथलं चालतं-बोलतं छोटं शहर १:८७ या प्रमाणातलं आहे. सगळ्या वस्तू एकाच प्रमाणात असल्या की लहान आकाराची जाणीवच कशी पुसली जाते, ते समजण्यासाठी तरी तिथे एकदा जाऊन यावं.

या १:८७ प्रमाणाला जगभर एचओ म्हणतात. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात. १६.५ ला ८७ ने गुणलं की १,४३५ येतात आणि युरोप-अमेरिकेतल्या रुळांमधलं अंतर तेवढंच, १,४३५ मिमी आहे. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिमीची. तिला ८७ ने भागलं तर उत्तर १९.२६ मिमी येतं. म्हणजे बॉक्सएनचा डबा १:८७ प्रमाणात केला आणि बाजारात मिळणाऱ्या एचओ रुळांवर ठेवला, तर वरचा डबा भारतीय आणि खालची चाकं दोन्हीकडून मिळून पावणेतीन मिमी आत सरकलेली. बाजूने बघताना हे कळत नाही. समोरून बघितलं की डब्याचे पाय अंग चोरून उभे असल्यासारखे दिसतात.

यातून निघायचे रस्ते तीन. पहिला, तडजोड मान्य करून तयार रूळ वापरायचे. दुसरा, प्रमाणच बदलायचं: १,६७६ ला १६.५ ने भागलं की १०१.६ येतात, म्हणजे जवळजवळ १:१०० प्रमाणात तेच तयार रूळ आपल्या ब्रॉडगेजला अचूक बसतात. शिवाय वास्तुविशारदांच्या प्रतिकृतींसाठी लागणारी १:१०० ची माणसं आणि झाडं मोठ्या शहरांत मिळतात. तिसरा रस्ता म्हणजे १९.२६ मिमीचे रूळ आणि आस स्वतः करायचे. माझा कौल असा: गाडी चालवायची असेल तर पहिला रस्ता धरा, कारण चाकं, आस, रूळ आणि कपलिंग सगळं तयार मिळतं. कपाटात ठेवण्यासाठी एकच सुंदर वाघीण करायची असेल, तर तिसऱ्या रस्त्याने जा. तिथे तडजोड डोळ्यांना बोचते.

आता मापं घेऊ. बॉक्सएन ही कोळसा, खनिज, दगड वाहणारी उंच काठांची उघडी वाघीण. कपलिंगपासून कपलिंगपर्यंत तिची लांबी १०,७१३ मिमी. १:८७ मध्ये १२३ मिमी, म्हणजे तळहातावर मावणारी. नुसत्या सांगाड्याची लांबी ९,७८४ मिमी, ती होते ११२.५. दोन बोगींच्या मध्यांमधलं अंतर ६,५२४ मिमी, म्हणजे बरोबर ७५ मिमी. बोगी म्हणजे इथे अख्खा डबा नव्हे. डब्याखालची दोन आसांची, चार चाकांची फिरती चौकट. तिच्या दोन आसांत २,००० मिमी अंतर असतं, आपल्याकडे ते २३ मिमी. नव्या चाकाचा व्यास १,००० मिमी, प्रतिकृतीत साडेअकरा.

बाकीची मापं छायाचित्रावरून काढता येतात. फलाटावरून, वाघीण अगदी समोर असताना, शक्य तितक्या लांबून झूम करून फोटो घ्यायचा. जवळून घेतलेल्या फोटोत टोकं आक्रसतात आणि पट्ट्यांमधली अंतरं चुकतात. मग फोटोतला सांगाडा ११२.५ मिमी भरेल अशा बेताने तो छापून घ्यायचा आणि पट्ट्या, कड्या, दारं थेट कागदावर मोजायची. पुष्कळ जण चाकाचा व्यास मोजपट्टीसारखा वापरतात. ते टाळावं. चाक घासत घासत ९०६ मिमीपर्यंत आलं तरी वापरात असतं. त्याच्या भरवशावर मापं काढली तर जवळपास दहा टक्क्यांची चूक होऊ शकते. सांगाडा झिजत नाही.

वाघीण रुळावरून का उतरते, हा घरी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न. त्याचं उत्तर बहुतेक वेळा बोगीत असतं. टेबलावरचे रूळ कधीच पूर्ण सपाट नसतात. दोन्ही बोगी डब्याला घट्ट बसवल्या तर वाघीण चार पायांच्या डुगडुगत्या पाटासारखी होते, एक चाक सतत हवेत. म्हणून एका बोगीचा स्क्रू असा आवळतात की ती वळेल आणि पुढे-मागे झुकेल, पण डावी-उजवीकडे कलणार नाही. दुसरीचा स्क्रू जरा सैल ठेवतात, म्हणजे ती सगळीकडे हलते. डबा मग तीन बिंदूंवर तोलला जातो आणि आठही चाकं रुळाला टेकतात. आसाची टोकं सुईसारखी निमुळती असतात आणि पितळी वाटीत फिरतात, त्यामुळे घर्षण नगण्य. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये सुमारे १४.४ मिमी अंतर पाहिजे. ते कमीजास्त झालं की सांध्यावर, जिथे रूळ फुटतो, तिथे चाक चढतं.

वजनाचं गणित मला यातलं सगळ्यात गमतीचं वाटतं. लांबी ८७ पटीने घटते, पण वजन लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांनी घटतं, म्हणजे ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, साडेसहा लाखांहून जास्त पटीने. साडेबावीस टनांची रिकामी बॉक्सएन प्रतिकृतीत ३४ ग्रॅमची व्हायला हवी. एवढी हलकी वाघीण वळणावर पुढच्या ओढीने सरळ आत कलंडते. म्हणून अमेरिकेतल्या लघुरेल्वे संघटनेने घालून दिलेला हिशेब अनेक जण वापरतात: सुरुवातीला २८ ग्रॅम आणि लांबीच्या दर सेंटीमीटरला साधारण साडेपाच ग्रॅम. आपल्या वाघिणीला हे ९० ग्रॅमच्या आसपास पडतं. हे वजन शक्य तितकं खाली असावं. मासेमारीच्या जाळ्याचं शिसं कोकणात सहज मिळतं, पण ते विषारी आहे, घरात मुलं असतील तर आणूच नये. लोखंडी वॉशर आणि नट पुरतात.

आता डब्याकडे वळू, आणि इथे पेणचं नाव पुन्हा येतं. बॉक्सएनच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. गाडी करायची तर एकेक बाजू पुन्हा पुन्हा कापत बसण्यात अर्थ नाही. एक बाजू मन लावून करायची: अर्ध्या मिलिमीटरचा पॉलिस्टायरीनचा पत्रा, त्यावर उभ्या पट्ट्या, तारेच्या कड्या. मग तिच्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा घ्यायचा आणि त्यात रेझिन ओतून हव्या तितक्या बाजू काढायच्या. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत रबरी साचे रोजच्या कामातले आहेत. मूळ मूर्तीवर बारीक चीर राहिली तर ती प्रत्येक मूर्तीत उतरते, बुडबुडा अडकला तर नाकाचं टोक जातं, खाचेत साचा अडकू नये म्हणून कुठे उतार द्यायचा, हे तिथल्या कारागिरांना शिकवावं लागत नाही. वाघिणीच्या बाजूला नेमकं हेच ज्ञान लागतं, फक्त नाकाच्या जागी दाराची कडी असते. प्लास्टर मात्र इथे चालत नाही. एक मिमी जाडीत ते ठिसूळ पडतं. त्याचे तुकडे वाघिणीत भरायच्या खडीसाठी उत्तम. रेझिन आणि प्लास्टिक जोडायचं द्रावण दोन्हींची वाफ घातक आहे, खिडकी उघडी ठेवूनच काम करावं.

ज्यांना प्लास्टिक नको, त्यांनी आयव्हरी कार्ड वापरावं. ते स्वस्त आहे, छान कापलं जातं, आणि मागून बोथट सुईने टोचलं की पुढे रिवेटची डोकी उठतात. जुन्या चारचाकी वाघिणींना ती शोभतात. पण रायगडचा पावसाळा कागदाला सोडत नाही. कापण्याआधी कार्डाच्या दोन्ही बाजूंना स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा हात द्यायचा. एकाच बाजूला दिला तर ते वाकतं.

रंग देताना बहुतेकांचा हात जड होतो. खरी वाघीण गेरूच्या रंगाच्या जवळची असते, पण ती एकसारखी कधीच नसते. काठांवर घासून धातू उघडा पडलेला, पट्ट्यांच्या मुळाशी गंज, आणि पावसाने तो गंज सरळ खाली ओघळलेला. कोरड्या खडूची पूड मऊ ब्रशने वरून खाली ओढली की हा ओघळ जमतो. अक्षरांना मात्र मूर्तीच्या डोळ्यांच्या आखणीइतकंच लक्ष लागतं. खऱ्या वाघिणीवरचं पंधरा सेंटीमीटरचं अक्षर इथे पावणेदोन मिमीचं होतं. ते हाताने लिहिण्यापेक्षा पाण्याने चिकटणाऱ्या पारदर्शक कागदावर छापून लावावं.

आणि आकडे मनाचे घालू नयेत. वाघिणीवर अकरा अंकी क्रमांक असतो. पहिले दोन अंक वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेची ते, त्यापुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार अंकांचा अनुक्रमांक आणि शेवटी पडताळणीचा एक अंक. शेजारी वहनक्षमता, रिकामं वजन आणि दुरुस्तीच्या तारखा. फलाटावरून टिपलेला एक क्रमांक आपल्या प्रतिकृतीवर उतरला, की ती अमुक साली बांधलेली, अमुक रेल्वेची, एकमेव वाघीण होते. मला या छंदात याहून मोठं समाधान दिसत नाही.

पूर्ण गाडीचा हट्ट धरू नका. बॉक्सएनच्या मालगाडीला साधारण ५८ वाघिणी असतात. १:८७ मध्येसुद्धा ती सात मीटरांहून लांब होते. आठ-दहा वाघिणींत डोळ्यांचं समाधान होतं. मालगाडीच्या वाघिणींना मधोमध असणारं मुठीसारखं कपलिंग अमेरिकी पद्धतीचं आहे, त्यामुळे अमेरिकी एचओ गाड्यांसाठी मिळणारं तयार कपलिंग आपल्या वाघिणीला तसंच शोभतं. घरी करायच्या कामांत एवढी एक सूट मिळते.

सुरुवात कोणत्या वाघिणीने करायची म्हणाल, तर कोलाडच्या रो-रोवरची बीआरएन घ्या. मूळची ती रूळ वाहून नेण्यासाठीची सपाट वाघीण, सांगाड्याची लांबी १३,७१६ मिमी, म्हणजे प्रतिकृतीत १५८. हिला बाजू नाहीत, छत नाही, दारं नाहीत. वजन लपवायला जागा नाही ही एकच अडचण. ती सोडवायला तळ म्हणून दोन मिमी जाडीची लोखंडी पट्टीच बसवा. फॅब्रिकेशनवाला ती मापात कापून देतो आणि तिथेच पाऊणशे ग्रॅमची सोय होते. वर ठेवायचा ट्रक २९-३० मिमी रुंद आणि हलका ठेवा, नाहीतर वाघीण वरून जड होईल. मापं मात्र फलाटावरून किंवा रस्त्यावरूनच घ्या आणि मुलांनाही तसंच शिकवा. रुळांवर उतरणं रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि वाघिणीवर चढणाऱ्याच्या डोक्यावर २५,००० व्होल्टची तार असते.