मॅजेस्टिकची केबिन

गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमाचं नाव निघालं की माहितगार माणूस लगेच तारीख सांगतो. १४ मार्च १९३१, अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’, आपल्याकडचा पहिला बोलपट. तिकिटांसाठी अशी झुंबड उडाली की पोलीस बोलवावे लागले. सगळं खरं. पण साठच्या दशकात शेजारच्या वाडीत वाढलेल्या आम्हा पोरांना त्या तारखेचं काडीचं कौतुक नव्हतं. मॅजेस्टिक म्हणजे आमच्या चाळीतले आप्पा जिथे ऑपरेटर होते ते थेटर, एवढीच त्याची ओळख. गेटकीपर आम्हाला हाकलायचा आणि आम्ही आप्पांचं नाव सांगायचो. त्याचा उपयोग क्वचितच व्हायचा.

केबिनमध्ये पोरांना मज्जाव होता. आप्पांची मर्जी असली आणि मॅटिनीला गर्दी नसली, तर दाराशी उभं राहू द्यायचे. “हात पाठीमागे ठेव. कशाला हात लावलास तर जिना उतरवीन,” हे बजावून मग आमच्याकडे बघायचेही नाहीत. आत सिनेमा दाखवायची दोन मशिनं, भिंतीत चौकोनी झरोके आणि उकाडा एवढा की आप्पा गंजीफ्रॉकवर काम करायचे.

उजेड दिव्याचा नसायचा, कार्बनचा असायचा. तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कांड्या, एक जाड, एक बारीक. टोकाला टोक भिडवायचं आणि लगेच किंचित मागे घ्यायचं, की मधल्या फटीत डोळे दिपवणारी ज्योत धरायची. मागचा खोलगट आरसा तो उजेड गोळा करून फिल्मवर टाकायचा. ज्योतीकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही, काळ्या काचेतून बघायचं. कांड्या जळून आखूड व्हायच्या, फट रुंदावायची, पडदा काळवंडायला लागायचा. आप्पांचा हात त्याआधीच कांड्या जवळ आणायच्या बटणावर गेलेला असे. तो एखाद्या वेळी उशिरा गेला की खालच्या स्टॉलमधून शिट्ट्या आणि शिव्या. इतर वेळी वर माणूस बसलाय याची कुणाला आठवणही नसायची.

दोन मशिनं का, हे मला फार उशिरा कळलं. हजार फुटांचं एक रीळ, म्हणजे जेमतेम ११ मिनिटांचा सिनेमा. फिल्म सेकंदाला २४ चित्रं या वेगाने धावते, मिनिटाला ९० फूट संपते. दोन रिळं जोडून एका स्पूलवर चढवली तरी वीस-बावीस मिनिटांनी मशिन बदलायचंच. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकून जातो. तो दिसला की दुसऱ्या मशिनची मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, तेव्हा इकडचा उजेड बंद आणि तिकडचा चालू. नायिका वाक्य अर्धवट टाकून थांबली नाही, की जमलं. एकदा ते ठिपके माहीत झाले आणि माझी पंचाईत झाली. पुढे कितीही रंगलेला सिनेमा असला तरी डोळा उजव्या कोपऱ्यात जायचाच.

मला सगळ्यात आवडायचं ते रिकाम्या मशिनकडचं काम. संपलेलं रीळ टेबलावर हाताने उलटं गुंडाळायचं. गुंडाळताना फिल्मच्या दोन्ही कडा अंगठा आणि बोटाच्या मधून सरकत जायच्या. आप्पा तेव्हा झरोक्यातून पडद्याकडे बघत असायचे, पण मधेच हात थांबायचा. तिथे कडेचं एखादं भोक फाटलेलं असे. तेवढा तुकडा कापायचा, टोकावरचा थर ब्लेडने खरवडायचा, फिल्म चिकटवायच्या सिमेंटचं बोट लावून जोड दाबून धरायचा. अनेक थेटरं फिरून आलेल्या प्रिंटमध्ये असे जोड इतके असत की गाण्याचं अख्खं कडवं गायब व्हायचं. प्रेक्षकांना वाटे, ऑपरेटरने घरी जायच्या घाईत कापलं. आप्पांना याचा फार राग यायचा, आणि तो रास्तच होता.

सिनेमा संपल्यावर राष्ट्रगीताची फिल्म लागायची. निम्मे लोक दाराकडे पळालेले असत. आप्पा मात्र मशिनशेजारी, घामाने थबथबलेल्या गंजीफ्रॉकमध्ये सरळ उभे राहायचे.

सत्तरच्या दशकात मॅजेस्टिक पाडलं. जागेवर शॉपिंग सेंटर आलं, त्यालाही मॅजेस्टिकच नाव. थेटरापाशी फुटपाथवर सुरू झालेल्या कोठावळ्यांच्या बुक स्टॉलने तेच नाव मराठी पुस्तकांवर नेलं, आणि पुण्या-पार्ल्यातल्या ‘मॅजेस्टिक गप्पां’ना जाणाऱ्या कितीतरी जणांना त्यामागे एक सिनेमागृह होतं हे ठाऊकही नसेल. नावाची काळजी करायचं कारण नाही, ते टिकलं. केबिनमधलं काम मात्र टिकलं नाही. कार्बनच्या जागी आधी झेनॉनचा दिवा आला, मग फिल्मच गेली. आता सिनेमा हार्डडिस्कवरून किंवा उपग्रहावरून येतो, आणि त्याला बोट लावून फाटलंय का बघण्यासारखं काही उरलेलं नाही. ‘आलम आरा’ची तर आज एकही प्रिंट उपलब्ध नाही.

फिल्म चालवलेली पिढी आता वयस्कर झाली आहे. तुमच्या वाडीत, सोसायटीत, गावच्या टूरिंग टॉकीजच्या आसपास असे एखादे काका असतील, तर त्यांच्याकडे जा. आवडती नटी कोण, हे विचारू नका. कार्बन कसा धरायचा, जोड कसा मारायचा, वीज गेली की काय करायचं, ते विचारा, आणि बोलतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.