नाकाचा पडदा: व्हिडिओत बघा, पण हाताने शिका

मे महिन्यातलं नागपूर. पारा ४५ च्या पुढे, कूलरची गरम हवा, नाकात कोरड. अशात घरातल्या एखाद्या मुलाचा घोळणा फुटतो. कुणी घोणा फुटला म्हणतं, कुणी नकसीर. लगेच धावपळ सुरू होते. कुणी त्याचं डोकं मागे करतं, कुणी टाळूवर पाणी ओततं, कुणी कांदा फोडून नाकाला लावतं. त्याच घरात एखादी मुलगी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला असते. नाकाच्या पडद्यावरचा तासाभराचा व्हिडिओ तिने आदल्याच रात्री पाहिलेला असतो. रक्तवाहिन्यांची इंग्रजी नावं तिला तोंडपाठ असतात. पण नाक नेमकं कुठे दाबायचं, हे तिला सांगता येईल का?

आजचा लेख याच प्रश्नाभोवती आहे. आपल्या समाजातली अनेक मुलं-मुली आता एमबीबीएस, बीयूएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंगला जात आहेत, अल्हम्दुलिल्लाह. अॅनाटॉमी म्हणजे शरीररचनाशास्त्र हा या सगळ्यांचा पहिल्या वर्षाचा विषय. युनानीच्या विद्यार्थ्यांसाठी तोच तशरीहुल बदन. आज या विषयाचा मोठा भाग मोबाईलवर शिकला जातो. त्यात गैर काही नाही. पण व्हिडिओ कसा पाहावा हे कुणी शिकवत नाही. म्हणून आम्ही नाकाचा पडदा हा एकच छोटा धडा घेतला आहे.

मोबाईलवरचा डिसेक्शन हॉल

ही सवय जोरात लागली ती कोरोनाच्या काळात. मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली आणि शिकवणी स्क्रीनवर आली. त्यानंतरची एमबीबीएसची बॅच फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू झाली, आणि काही आठवड्यांतच दुसरी लाट आली. ज्या वयात विद्यार्थी पहिल्यांदा मानवी देहासमोर उभे राहतात, त्या वयात ही मुलं मोबाईलसमोर बसली होती. त्याच उन्हाळ्यात नागपुरात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, रुग्ण मोठ्या संख्येने आले. ही बुरशी नाकातूनच शिरते आणि सायनस, डोळा, मेंदूपर्यंत पोचते. नाकाच्या आतली रचना हा केवळ परीक्षेचा प्रश्न नाही, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

आता हॉल उघडे आहेत, पण व्हिडिओ गेले नाहीत, आणि जाणारही नाहीत. त्यांचे फायदे खरे आहेत. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला वर्गातलं इंग्रजी पहिल्या फेरीत झेपत नाही. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, हिंदीत समजावणारे शिक्षकही मिळतात. शेजारच्या मध्य प्रदेशात तर २०२२ मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आली. म्हणजे भाषेची अडचण सरकारांनीही मान्य केली आहे.

मग अडचण कुठे आहे? पडदा ही उभी भिंत आहे, तिला दोन बाजू आहेत आणि ती चेहऱ्याच्या मधोमध खोलवर जाते. स्क्रीनवर तिचं सपाट चित्र होतं. डोळ्यांना ते पटकन ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की समजलं असं वाटतं. खरी गफलत इथेच होते.

पडदा म्हणजे नेमकं काय?

दोन नाकपुड्यांच्या मधली भिंत म्हणजे पडदा. तिचे तीन मोठे भाग आहेत.

पुढचा भाग कूर्चेचा, म्हणजे लवचिक, कुरकुरीत हाडासारखा. उर्दूत त्याला गुजरूफ म्हणतात. तो साधारण चौकोनी असतो.

मागचा वरचा भाग एथमॉइड या हाडाच्या उभ्या पातळ पत्र्याचा. एथमॉइड हा शब्द ग्रीकमधल्या चाळणीवरून आला आहे. या हाडाच्या छताला बारीक छिद्रं असतात, आणि त्यांतून वासाच्या नसा मेंदूकडे जातात.

मागचा खालचा भाग व्होमर हाडाचा. लॅटिनमध्ये व्होमर म्हणजे नांगराचा फाळ. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या मुलाला हे हाड एकदा दाखवलं, तर तो नाव विसरणार नाही.

याशिवाय कडेकडेने आजूबाजूच्या हाडांचे छोटे कंगोरे येऊन मिळतात. खाली वरच्या जबड्याचं आणि टाळूचं हाड, वर कपाळाचं आणि नाकाचं हाड, मागे स्फेनॉइड. पण आधी तीन भाग पक्के करा, कंगोरे नंतर.

व्हिडिओ पाहण्याची पद्धत

आम्ही सुचवतो ती पद्धत अगदी साधी आहे. एक जुनी लग्नपत्रिका किंवा जाड पुठ्ठा, तीन रंगांचे पेन आणि स्वतःचं नाक.

पहिल्यांदा व्हिडिओ आवाज बंद करून पाहा. फक्त एवढंच शोधा की पुढची बाजू कोणती, वरची कोणती. नाकाचं टोक स्क्रीनवर डावीकडे आहे की उजवीकडे, हे कागदावर लिहून ठेवा. एका व्हिडिओत डावीकडे पाहणारं डोकं असतं, दुसऱ्यात उजवीकडे. नुसतं चित्र पाठ केलेला विद्यार्थी दुसऱ्या व्हिडिओत हरवतो.

दुसऱ्यांदा आवाजासह पाहा, पण दर दोन-तीन मिनिटांनी थांबवा आणि पुठ्ठ्यावर पडदा काढा. कूर्चा एका रंगात, एथमॉइड दुसऱ्या, व्होमर तिसऱ्या. मग तो आकार कापून चेहऱ्याच्या मधोमध उभा धरा. आता पुठ्ठा पलटा आणि दुसऱ्या बाजूनेही तेच भाग काढा. सपाट चित्राची भिंत झाली ती इथे.

तिसऱ्यांदा त्याच पुठ्ठ्यावर रक्तवाहिन्यांचे बाण काढा. वरून पुढची आणि मागची एथमॉइडल धमनी. मागून स्फेनोपॅलाटाइन. खालून, टाळूतल्या छिद्रातून वर चढणारी ग्रेटर पॅलाटाइन. पुढून वरच्या ओठाच्या धमनीची फांदी. वरच्या दोन धमन्या कवटीच्या आत जाणाऱ्या आतल्या कॅरोटिडकडून येतात, बाकीच्या बाहेरच्या कॅरोटिडकडून. बाण काढून झाले की दिसेल, पुढे आणि खाली, कूर्चेवरच्या एका छोट्या जागेत यांतले बहुतेक बाण एकत्र येतात. हाच लिटल्स एरिया, आणि तिथलं जाळं म्हणजे किसेलबाखचं जाळं. अमेरिकेतले सर्जन जेम्स लिटल आणि जर्मनीतले विल्हेल्म किसेलबाख यांची ही नावं १९ व्या शतकापासून चालत आली आहेत.

शेवटी मोबाईल बाजूला ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी, अम्मीला किंवा लहान भावाला, पुठ्ठा हातात घेऊन समजावून सांगा. जिथे अडखळाल, तेवढाच भाग पुन्हा पाहा.

एक नेहमीची चूक इथेच सांगून ठेवतो. डोकं मधोमध कापलेल्या नमुन्यात कधी पडदा दिसतो, तर कधी पडदा काढून टाकल्यामुळे मागची बाजूची भिंत दिसते. त्या भिंतीवर आडव्या वळकट्या असतात, त्यांना टर्बिनेट किंवा कॉन्का म्हणतात. वळकट्या दिसल्या की ती बाजूची भिंत, सपाट दिसलं की पडदा. प्रॅक्टिकलच्या स्पॉटिंगमध्ये हा फरक न कळल्यामुळे गुण जातात.

व्हिडिओ निवडतानाही विचार करा. रंगीत ॲनिमेशन सोपं असतं, पण शरीरात धमन्या लाल आणि शिरा निळ्या रंगवलेल्या नसतात. ॲनिमेशननंतर खऱ्या नमुन्यांचा व्हिडिओ बघायलाच हवा. रॉबर्ट अॅकलंड यांच्या व्हिडिओ अॅटलासमध्ये खरे नमुने हळूहळू फिरवून दाखवले आहेत. फिरणाऱ्या नमुन्यातून खोली कळते. एमबीबीएसचा २०१९ पासूनचा अभ्यासक्रमही पडद्याचं वर्णन करा एवढंच म्हणत नाही, तो करून दाखवा असंही म्हणतो. करून दाखवणं हे बघण्याने येत नाही. म्हणून डिसेक्शन हॉलमधली हजेरी व्हिडिओच्या भरवशावर बुडवू नका. तिथल्या देहाला पहिला गुरू म्हणतात, ते उगाच नाही.

सपाट चित्राची ही अडचण जुनीच आहे. १४ व्या शतकाच्या अखेरीस इराणमध्ये मन्सूर इब्न इल्यास यांनी फारसीत तशरीहचा ग्रंथ लिहिला. तशरीह-ए-मन्सूरी म्हणून तो ओळखला जातो. त्यात पूर्ण मानवी देहाची रंगीत चित्रं आहेत, हाडांची वेगळी, नसांची वेगळी, रक्तवाहिन्यांची वेगळी. तीही सपाटच. त्या चित्रांवरून शिकणाऱ्यालाही ती मनात उभी करावी लागत असतील. साधन बदललं, मेहनत तीच राहिली.

आता घरातल्या घोळण्याकडे

पुठ्ठा हातात असेल, तर सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर समोरच आहे. बहुतेक घोळणे पुढच्या त्या जाळ्यातूनच फुटतात. मग दाबायचं कुठे? नाकाचा वरचा अर्धा भाग कडक हाडाचा आहे, तिथे दाबून काही होत नाही. बोटाने चाचपत खाली या. जिथे हाड संपून मऊ भाग सुरू होतो, तो भाग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरा.

मुलाला बसवा, डोकं किंचित पुढे झुकवा, तोंडाने श्वास घ्यायला सांगा. दहा ते पंधरा मिनिटं सलग दाबा, मध्ये सोडून बघू नका. डोकं मागे केलं तर रक्त थांबत नाही, ते घशात उतरतं, उलटी होते. तोंडात आलेलं रक्त थुंकू द्या. रक्त थांबल्यावर काही तास जोरात शिंकरायचं नाही. वुजू करताना नाकात पाणी हलकेच घ्या, खपली नखाने काढू नका.

वीस मिनिटांत थांबलं नाही, डोक्याला मार लागलेला असेल, किंवा माणूस रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर थेट दवाखाना.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. गल्लीत क्रिकेट खेळताना मुलाच्या नाकावर चेंडू बसतो. रक्त थांबतं, घरचे निश्चिंत होतात. पण पडद्याच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर चिकटलेल्या आवरणातून तिचं पोषण होतं. मार लागून आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साठलं, तर कूर्चेचं अन्नच तुटतं. तीन-चार दिवसांत ती मरू शकते, तिथे पू होऊ शकतो, आणि नाकाचा मधला भाग खोगिरासारखा खचतो. मार लागल्यानंतर नाक दोन्ही बाजूंनी बंद वाटत असेल, दुखणं वाढत असेल, आत मधोमध लाल-जांभळी मऊ सूज दिसत असेल, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. साठलेलं रक्त वेळेत काढलं तर नाक वाचतं.

आणि तिसरी, 'नाकाचं हाड वाढलंय' ही. हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. बहुतेक वेळा वाढलेलं काही नसतं. पडदा एका बाजूला वाकलेला असतो, किंवा त्या आडव्या वळकट्या सुजलेल्या असतात. थोडा वाकडा पडदा अनेकांचा असतो आणि त्रास नसेल तर ऑपरेशनची गरज नसते. श्वास कायम अडकत असेल, तरच तज्ज्ञ सेप्टोप्लास्टीचा विचार करतात. त्यातही पुढची आणि वरची कूर्चेची साधारण एक सेंटीमीटरची पट्टी राखून ठेवतात, कारण नाकाचा आकार तिच्यावरच उभा असतो. ज्याने पुठ्ठ्याचा पडदा कापला आहे, त्याला ही पट्टी का सोडतात हे सांगावं लागत नाही.

शिकणाऱ्या मुला-मुलींना आमचं एवढंच सांगणं आहे: आज रात्री पडद्याचा व्हिडिओ लावाल, तेव्हा शेजारी पुठ्ठा आणि पेन ठेवा. आणि पालकांनो, मुलगी पुठ्ठा घेऊन समजवायला आली तर दहा मिनिटं बसून ऐका. तिचा धडा पक्का होईल, आणि पुढच्या वेळी घोळणा फुटला तर घरात कांदा शोधण्याऐवजी नाक कुठे दाबायचं हे सगळ्यांना ठाऊक असेल, इन्शाअल्लाह.